पुण्यात राहणाऱ्याने पहिली मासेमारी होडी कुठे बांधून ठेवावी?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. गळाने मासेमारी करण्याचा छंद मला आणि माझ्या एका मित्राला बरीच वर्षे आहे. आतापर्यंत तो कधी भिगवणजवळ उजनीच्या काठावर, कधी कोर्लईच्या खडकांवर, तर कधी रेवदंड्याहून भाड्याच्या होडीतून असा चालत आला. आता दोघांनी मिळून स्वतःची होडी घेण्याचे ठरवले आहे. अठरा फुटी, फायबरची, उघडी होडी आणि तिच्यावर ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन, इथपर्यंत आमचे एकमत झाले असून विक्रेत्याशी बोलणीही सुरू आहेत. अडले आहे ते होडी ठेवायच्या जागेवर.

आमच्यापुढे तीन वाटा आहेत. अलिबाग तालुक्यात एका तरंगत्या जेट्टीवर वार्षिक भाड्याने स्लिप (एक होडी लावण्यापुरती आखलेली जागा) मिळू शकते, असे एका परिचितांनी कळवले आहे; तिचे भाडे आमच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त आहे. दुसरी वाट म्हणजे रेवदंडा किंवा राजपुरीच्या खाडीत मुरिंग टाकून, म्हणजे तळाशी जड ठोकळा सोडून त्याला साखळी-दोराने बांधून, होडी पाण्यातच ठेवायची; ती स्वस्त पडेल. तिसरी, होडी ट्रेलरवर पुण्यातच ठेवायची आणि दर वेळी घाट उतरून न्यायची. यांखेरीज घरची मंडळी विचारतात की खडकवासला, पानशेत आणि मुळशी इतकी जवळ असताना समुद्रापर्यंत जायचेच कशाला.

आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे शनिवार-रविवारशिवाय जाणे होणार नाही, आणि पहाटे समुद्रात निघून दुपारपर्यंत परतावे असा आमचा बेत आहे. जागा पाहायला गेल्यावर नेमके काय पाहावे, कोणाला काय विचारावे आणि भाड्यातला फरक कशासाठी मोजावा, हे अनुभवी सभासदांनी सविस्तर सांगितल्यास फार उपकार होतील.


निवृत्त पाटबंधारे

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे तो विषय बाजूला होईल. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर पुण्याचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे आणि त्यांच्या जलाशयांत जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय खासगी इंजिनाची होडी उतरवता येत नाही. खडकवासल्यात शिडाच्या होड्या दिसतात, त्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीने पीकॉक बे येथे छात्रांच्या प्रशिक्षणासाठी ठेवलेल्या आहेत. त्या पाहून तिथे सर्वांनाच मुभा आहे असा समज करून घेऊ नये. मुळशीचे धरण टाटांचे आहे, तेव्हा तिथे त्यांची संमती लागेल. शिवाय जलाशयातील मासेमारीचा हक्क ठेक्याने, पुष्कळ ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला, दिलेला असतो आणि होडीतून गळ टाकायचा असला तरी त्या संस्थेशी बोलावेच लागते.

राहिली उजनी. तिचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात आणि त्यातला उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या थोडा वर आहे. उन्हाळ्यात धरण ‘उणे’त गेल्याच्या, म्हणजे उपयुक्त साठा संपल्याच्या, बातम्या आपण दर वर्षी वाचतो. त्या बातमीचा होडीच्या दृष्टीने अर्थ असा की ऑक्टोबरात जिथे होडी बांधली, तिथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो आणि पाण्याचा काठ खूप दूर सरकलेला असतो. भिगवणचे मच्छीमार पाण्याच्या मागोमाग आपल्या होड्या सरकवत नेतात, कारण ते रोज तिथे असतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्याला ते जमणार नाही.


खाडीकाठ

कर्वेनगरकर, आपण जागेचा विचार करताना शनिवारची पहाट डोळ्यांपुढे ठेवली आहे. माझे म्हणणे असे की मंगळवारची रात्र डोळ्यांपुढे ठेवावी. आपण होडीत असाल तेव्हा दोर सैल पडला तर आवळाल, पाणी साचले तर उपसाल. पण आठवड्याचे पाच दिवस आपण पुण्यात आणि होडी चार तासांच्या अंतरावर असणार आहे, आणि त्या काळात तिथले पाणी, वारा आणि माणसे तिला कसे सांभाळतात, यावरच जागेची खरी किंमत ठरते. भाड्यातला फरक मोजायचा तो याच्यासाठी.

पहिली गोष्ट पाण्याची खोली, आणि तीही उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, ओहोटीची. मुंबई-अलिबाग पट्ट्यात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेतीन ते चार मीटरांचा फरक पडतो, काही दिवशी त्याहूनही अधिक. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तो बराच कमी असतो. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे उधाणाचा फरकही दोन-अडीच मीटरांपर्यंत उतरतो. जागा दाखवणारे बहुधा भरतीच्या वेळी बोलावतात, कारण तेव्हा सगळी खाडी काठोकाठ भरलेली असते. आपण मात्र अमावास्येनंतर किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत, ओहोटीच्या शेवटच्या तासाला तिथे जाऊन उभे राहावे. बरोबर शिशाचे वजन बांधलेली आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारलेली दोरी न्यावी. वजनाच्या बुडाला ग्रीसचा गोळा लावून ते तळाशी सोडावे आणि वर काढून पाहावे. ग्रीसला वाळू चिकटून आली तर उत्तम, काळा चिखल आला तर विचार करावा, आणि काहीच न चिकटता वजन टणकन आपटल्याचे हाताला जाणवले तर खाली खडक आहे असे समजून ती जागा सोडून द्यावी.

आपल्या होडीचा तळ फार तर ३५-४० सेंटिमीटर पाण्यात राहील, पण इंजिनाचा पाय, म्हणजे पंख्यासकट पाण्यात जाणारा खालचा भाग, खाली सोडला की सुमारे पाऊण मीटर पाणी लागते. लाटेची उचल-आपट लक्षात घेता सगळ्यात मोठ्या ओहोटीलाही सव्वा मीटर पाणी उरेल, अशी जागा हवी. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. त्यांतले आकडे सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजलेले असतात, म्हणून नकाशावरची खोली अधिक कोष्टकातला आकडा म्हणजे त्या वेळचे पाणी, एवढा हिशेब प्रत्येकाला करता आला पाहिजे. गाळाच्या खाडीत मात्र नकाशापेक्षा स्वतःच्या दोरीवर विश्वास ठेवावा.

आता आपल्या ‘पहाटे निघण्या’विषयी, कारण हा मुद्दा आपल्या निवडीच्या मुळाशी आहे. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि दर दिवशी सुमारे ५० मिनिटांची पुढे सरक. मुंबई-अलिबागपुरता हा आडाखा कोष्टकाशी बऱ्यापैकी जुळतो. त्याचा अर्थ नीट पाहा. अष्टमीच्या आसपास पहाटे सहाला खाडी भरलेली असते, पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे नेमक्या उधाणात, पहाटे साडेपाच-सहाला महिन्यातली सर्वांत मोठी ओहोटी असते. उधाण आणि भांग साधारण आठवड्याआड येत असल्यामुळे, ओहोटीला कोरडी पडणारी जागा आपण घेतली तर जवळजवळ निम्म्या शनिवारी आपली होडी पहाटे चिखलात बसलेली असेल आणि नऊ वाजेपर्यंत हलणार नाही. स्वस्त जागेचा स्वस्तपणा तिथे संपतो. चिखलात बसण्याने फायबरचे लगेच नुकसान होते असे नाही, पण चिकट चिखल होडीचा तळ धरून ठेवतो आणि इंजिनाच्या वजनाने मागची बाजू आधीच दबलेली असते. अशा वेळी भरतीचे पाणी होडी सुटण्याआधीच मागच्या फळीवरून आत शिरू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे धक्का पक्का आहे की तरंगता. पक्क्या दगडी धक्क्याला बांधलेली होडी भरतीला धक्क्याच्या कडेबरोबर असते आणि ओहोटीला तीन-चार मीटर खाली गेलेली असते. दोर आखूड बांधला तर ओहोटीला होडी त्याला लटकते, लांब ठेवला तर भरतीला ती मोकळी फिरून दगडावर घासते. पक्क्या धक्क्यावर पुढचा आणि मागचा दोर पातळीतल्या फरकाच्या निदान तिप्पट लांब आणि तिरके न्यावे लागतात, शिवाय त्यांना उलट दिशेने ओढणारे दोन दोर मधून बांधावे लागतात. रोज लक्ष ठेवणाऱ्याला हे साधते. तरंगती जेट्टी पाण्याबरोबर वर-खाली होते, त्यामुळे दोर आखूड राहतो, मंगळवारच्या रात्री दोन वाजता ओहोटी लागली तरी काही बिघडत नाही, आणि पहिल्यांदाच होडी चालवणाऱ्या माणसाला चढणे-उतरणेही सुरक्षित होते. आपल्या परिस्थितीत खोल पाण्यातली तरंगती जागा मिळत असेल, तर मी तिच्यासाठी जास्त भाडे देईन आणि इंजिन थोडे लहान घेईन.

मुरिंगचा विचार करत असाल तर एक हिशेब मांडून ठेवतो. ओहोटीला दीड मीटर पाणी आणि वर चार मीटर भरती धरली तर पाणी साडेपाच मीटर होते. त्याच्या तिप्पट साखळी-दोर म्हणजे साडेसोळा मीटर, आणि त्यात होडीची लांबी मिळवली की सुमारे २२ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आपल्याला मोकळे लागते. गावच्या होड्यांच्या गर्दीत एवढी जागा कोण देणार, हे आधी पाहावे. काँक्रीटचा ठोकळा पाण्यात आपले चाळीस टक्क्यांहून अधिक वजन गमावतो, म्हणजे काठावर ३०० किलो भरलेला ठोकळा तळाशी जेमतेम १७० किलोंचा उरतो. तो चिखलात रुतल्याशिवाय धरत नाही. साखळीची झीज तळाला टेकणाऱ्या कड्यांत सर्वाधिक होते आणि ती वरून दिसत नाही, म्हणून दर हंगामाआधी साखळी वर काढून पाहावीच लागते.


आक्षीची लेक

दादा, खाडीकाठ यांनी पाण्याचे सांगितले, मी माणसांचे सांगते. माझे माहेर आक्षीचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, आणि लग्नानंतर मी पुण्यात आहे. खाडीत मोकळे दिसणारे पाणी बहुतेक वेळा कोणाच्या तरी वहिवाटीचे असते. कोणत्या घराची होडी कुठे लागते हे कुठे लिहिलेले नसते, पण गावात प्रत्येकाला ते ठाऊक असते. म्हणून मुरिंग टाकण्याआधी किंवा धक्क्याला दोर लावण्याआधी गावच्या मच्छीमार सहकारी सोसायटीत जाऊन रीतसर विचारावे. छंदासाठी आलेल्या माणसाने विचारून जागा घेतली तर गाव आपणहून तिच्याकडे लक्ष ठेवते. न विचारता घेतली तर वादळाच्या रात्री तिच्याकडे जाण्याची कोणावरच जबाबदारी राहत नाही.

सोसायटीच्या ओळखीनेच एक राखणदार ठेवा आणि त्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेले पैसे द्या. त्याचे काम नुसते ‘लक्ष ठेवणे’ असे सांगू नका, कामे नेमकी ठरवून द्या. दोर जिथे कडेला घासतो तिथे बांधलेले रबर किंवा कापड जागेवर आहे का, अवकाळी पाऊस झाल्यावर पाणी उपसले का, इंजिन पूर्ण वर उचललेले आहे का, एवढे त्याने दर दोन दिवसांनी पाहून फोटो पाठवावा. खाऱ्या पाण्यात पाय बुडवून ठेवलेल्या इंजिनावर थोड्याच दिवसांत कवचाचे थर धरतात आणि धातू खाल्ला जातो. समुद्रातून परत आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवायची सोय, म्हणजे नळ किंवा निदान विहीर, जवळ आहे का, हे जागा ठरवतानाच पाहा.

कागदपत्रांच्या बाबतीत घाई करू नका. होडी मासेमारी नौका म्हणून नोंदवायची की छंदाची खासगी नौका म्हणून, हे विकत घेण्याआधी ठरवा, कारण पुढचे परवाने आणि जेट्टीवरचा हक्क त्यावरच ठरतात. मासेमारी नौकेला महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ प्रमाणे मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो. खासगी नौकेसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात विचारणा करावी. आणि नवी होडी आली की जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात आपण होऊन कळवा. २००८ च्या हल्ल्यातले अतिरेकी मासेमारी नौकेतून आले होते, तेव्हापासून अनोळखी होडी दिसली की किनाऱ्यावर लगेच चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक होडीत आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.

आता पावसाळ्याचे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय दर्यात जायचे नाही अशी रीत आहे. पण होडी बाहेर काढायला ३१ मेची वाट पाहू नका. तौक्ते वादळ १६-१७ मे २०२१ ला कोकण किनाऱ्यासमोरून वर गेले होते आणि निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले होते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच होडी ओढून, उपडी किंवा तिरकी ठेवून, शाकारून टाकलेली बरी. म्हणून जागा वर्षाची घेत असाल तर ‘पावसाळ्यात होडी कुठे ठेवणार’ हा प्रश्न त्याच व्यवहारात सोडवून घ्या. जूनमध्ये गावात सगळ्यांच्याच होड्या वर आलेल्या असतात आणि मग जागा मिळत नाही.


हडपसर ट्रेलर

वरच्या दोन्ही प्रतिसादांतला प्रत्येक मुद्दा मला मान्य आहे आणि तरीही माझा सल्ला वेगळा आहे. पहिल्याच वर्षी कुठलीही जागा वर्षभरासाठी बांधून घेऊ नये. आपल्याला अजून ठाऊक नाही की आपल्याला जिताडा आणि तांबोशीसाठी खाडीच्या तोंडाशी बसायचे आहे की सुरमईसाठी बाहेर जायचे आहे, आणि ते कळेपर्यंत अलिबाग, मुरूड की हर्णै हा निर्णय अंदाजाने घेतलेला असेल. ट्रेलर असला तर एका हंगामात चार-पाच बंदरे पाहून होतात.

मात्र ट्रेलर पुण्यात ठेवू नये. ओढणाऱ्या गाडीसह सगळी लांबी बारा मीटरांच्या आसपास जाते आणि आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या वाहनतळात तिला जागा नसते. ताम्हिणीची वळणे आणि उतार ट्रेलरसह उतरताना ब्रेक तापतात, आणि पहाटे होडीवर पोहोचण्यासाठी मध्यरात्री घाट उतरणे हा धोका दर आठवड्याला पत्करण्यासारखा नाही. त्यापेक्षा अलिबाग तालुक्यात उताराच्या धक्क्याजवळ एखाद्याच्या वाडीत ट्रेलर भाड्याने ठेवावा. वाडीत जागा पाहताना वर मान करून पाहावे आणि नारळाच्या झाडाखाली होडी ठेवू नये. एक नारळ फायबरला तडा द्यायला पुरतो. ट्रेलरची प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदणी करावी. प्रवासात तापलेली चाकांची बेअरिंगे लगेच खाऱ्या पाण्यात बुडवली तर ती थंड होताना पाणी आत ओढून घेतात, म्हणून धक्क्यावर अर्धा तास थांबावे आणि प्रत्येक वेळी ग्रीस भरावे.

या पद्धतीलाही ओहोटीचे बंधन आहेच. उताराचा धक्का उधाणाच्या ओहोटीला पाण्यापर्यंत पोहोचत नाही, त्याच्या टोकाला शेवाळ असते आणि गाडीची चाके तिथे घसरतात. म्हणजे आपल्यालाही तिथी पाहूनच निघावे लागेल. पण मंगळवारच्या रात्री होडी जमिनीवर असेल.


कर्वेनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जलाशयांचा विषय घरी संपला आहे. अमावास्येनंतरच्या ओहोटीला जाऊन त्या तरंगत्या जेट्टीवर खोली मोजून आलो. तिथे दोन स्लिप रिकाम्या आहेत. एक बाहेरच्या टोकाला आहे. तिथे ओहोटीलाही दोन मीटरच्या वर पाणी होते, पण उघड्या बाजूने वारा थेट येतो आणि प्रवासी बोटींच्या लाटा पोहोचतात. दुसरी आतल्या कोपऱ्यात, एका नाल्याच्या मुखाजवळ; तिथे पाणी शांत होते, भाडे कमी आहे, पण खोली एक मीटरपेक्षा थोडी जास्त भरली आणि ग्रीसला काळा चिखल लागून आला. दोन्हींची रुंदी अडीच मीटर असून आमच्या होडीची रुंदी दोन मीटर दहा सेंटिमीटर आहे. मावळतीला तोंड केल्यावर बाहेरच्या स्लिपचा वारा उजव्या हाताच्या तिरप्या बाजूने येत होता. यांपैकी कोणती निवडावी?


खाडीकाठ

आतली निवडू नये. नाल्याच्या मुखाशी आज एक मीटर पाणी आहे, पण एका पावसाळ्याचा गाळ बसल्यावर ते किती उरेल याची हमी जेट्टीचा मालक देणार नाही, आणि तळाचा काळा चिखल तेच सांगतो आहे. शिवाय नाल्यातून वाहून येणारा प्लास्टिकचा कचरा शांत कोपऱ्यातच साचतो आणि तो इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या छिद्रांत अडकला की इंजिन तापते.

बाहेरच्या स्लिपबद्दल आपण वर्णन केलेला वारा वायव्येचा आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात आणि तेव्हा सगळेच सोपे वाटते. मार्च ते मे या काळात दुपारी वायव्येचे खारे वारे जोर धरतात आणि आपण नेमके त्याच वेळी, दमलेल्या अवस्थेत परत येणार आहात. म्हणून स्लिपची दिशा अशी असावी की परत येताना तो वारा होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, यावा. नाळेवरचा वारा होडीचा वेग आपोआप कमी करतो. कुशीवरचा, म्हणजे बाजूने येणारा, वारा हलक्या फायबरच्या होडीला शेजाऱ्याच्या होडीवर ढकलतो, आणि आपण सांगितलेल्या रुंदीत दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम ४० सेंटिमीटर उरतात. त्यात फेंडरही (होड्या घासू नयेत म्हणून मध्ये लावायच्या उश्या) मावणार नाहीत. शिकणाऱ्याला निदान तीन मीटर रुंदी हवी. त्याच जेट्टीच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे जमिनीकडच्या बाजूला, टोकापासून दुसरी-तिसरी जागा रिकामी होणार आहे का, हे विचारा. जेट्टी स्वतःच तिथे लाट अडवते, खोली टोकाइतकीच मिळते आणि तोंड बहुधा वाऱ्याकडे येते. दोन महिने थांबावे लागले तरी थांबा, तोवर हडपसरच्या सभासदांनी सुचवलेली वाडी आणि ट्रेलर उत्तम आहे.

प्रवाहही पाहून घ्या. खाडीत उधाणाच्या ओहोटीची ओढ जोरदार असते आणि स्लिप प्रवाहाला आडवी असेल, तर आत शिरताना होडीची मागची बाजू वाहून जाते. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत सर्वाधिक पाणी उतरते. त्या वेळी जेट्टीवर अर्धा तास उभे राहून इतर लोक आपापल्या होड्या आत कशा आणतात ते पाहावे आणि शेजारच्या होड्यांचे दोर तपासावेत. एकाच बाजूचे दोर घासून केसाळ झालेले दिसले तर तिथे पाणी सतत एका अंगाला रेटत असते.

करार लेखी करा आणि त्यात चार गोष्टी नावानिशी असू द्या. ओहोटीला किमान किती पाणी ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि गाळ कोण काढणार, वादळाचा इशारा आल्यावर होडी कोण आणि किती तासांत बाहेर काढणार, मे ते ऑगस्ट जमिनीवरची जागा भाड्यात धरली आहे की वेगळी, आणि आपला राखणदार रात्री जेट्टीवर येऊ शकतो की नाही. यातला शेवटचा मुद्दा पुष्कळ जण विसरतात आणि फाटकावरचा पहारेकरी वादळाच्या रात्रीच राखणदाराला अडवतो.


कर्वेनगरकर

पलीकडच्या अंगाची तिसरी स्लिप जानेवारीत रिकामी होणार असल्याचे आज फोनवर कळले. रुंदी तीन मीटर वीस सेंटिमीटर आहे. पौर्णिमेनंतरच्या शनिवारी पुन्हा दोरी घेऊन जातो आणि खोली मोजून इथे कळवतो. आक्षीच्या ताईंना एक विनंती, सोसायटीत कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी जाऊन भेटावे, ते सांगितले तर बरे होईल.


आक्षीची लेक

दादा, उधाणाच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा सगळे समुद्रावर असतात. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, संध्याकाळी चारनंतर जा. जाळी विणायला मंडळी बसलेली असतात आणि बोलायला वेळ असतो. होडीच्या कागदांची एक प्रत बरोबर न्या आणि मित्रालाही न्या, म्हणजे होडी दोघांची आहे हे त्यांना पहिल्याच भेटीत कळेल.